शहाऐंशीव्या पत्राची पोच

सरोज बोकारेंना देवाने सगळं दिलं होतं, फक्त धीर द्यायचा राहून गेला होता. भोपाळच्या मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली. सहाशे एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. समोरच्याने नुसतं "जरा स्टोअर्सच्या..." म्हणायचा अवकाश, की सरोजताईंनी त्याला स्टोअर्सच्या कुलकर्णींना जोडलेलंही असायचं. त्याला कुलकर्णी हवे होते की मिश्राजी, हे विचारत बसायला त्यांना वेळ नसे. गंमत म्हणजे दहातल्या नऊ वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. दहाव्या वेळी मिश्राजींचं काम कुलकर्णी करून टाकायचे, कारण सरोजताईंशी हुज्जत घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढे आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं. बारा ऑपरेटर बायकांपैकी अकराजणी टपाल विभागात गेल्या. सरोजताई एकट्याच पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॉम्प्युटर सेक्शनला जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तारच आहे ना शेवटी? मग मला येईल." आणि आलंच. सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर मेल. अडकलेली मेल सोडवायची, हरवलेली शोधायची, एका क्वार्टरमधून सातासमुद्रापार धाडायची. हे तर त्यांचं जुनंच काम होतं, फक्त कानावरचे हेडफोन गेले होते.

दोन हजार सातपर्यंत कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये दर दोन क्वार्टरांमागे एकात कॉम्प्युटर आला होता. पोरं पुण्या-बंगलोरला नाहीतर परदेशात, आणि घरात आईने भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली तो डबा. मेल उघडली नाही की सोनागिरीपासून अवधपुरीपर्यंत एकच वाक्य ऐकू यायचं, "सरोजदीदी को फोन लगाओ." पैसे त्या घेत नसत. कुणी पोहे-जिलेबी दिली तर नाही म्हणत नसत. आणि निम्म्याहून जास्त दुखणी त्या घरबसल्या फोनवरूनच बरी करत. मनोहरराव, त्यांचे यजमान, वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "चाललं यांचं, उंटावरून शेळ्या हाकणं."

"हाकल्या जातात ना शेळ्या? झालं तर मग!"

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळचे साडेनऊ. सरोजताई शंकरपाळ्यांचं पीठ मळत होत्या तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे काशिनाथराव खानझोडे. कारखान्याच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले, अवधपुरीत घर बांधून राहिलेले. त्यांची बायको कुसुम ही सरोजताईंची तीस वर्षांपासूनची मैत्रीण.

"सरोजताई," काशिनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच नोटीस वाचल्यासारखा असायचा, पण आज नोटीस थरथरत होती. "कुसुमची पत्रं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"एकशे अडतीस पत्रं होती. एकही नाही."

सरोजताईंनी पिठाचा हात तसाच ओट्यावर टेकला.

कुसुम जूनमध्ये मस्कतला गेली होती, लेकीच्या, अलकाच्या, बाळंतपणाला. जाण्याआधी पंधरा दिवस सरोजताईंनीच तिला टायपिंग शिकवलं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी. जन्मात किराण्याच्या यादीपलीकडे काही न लिहिलेल्या त्या बाईला तिथे जाऊन काय झालं कोण जाणे. ती रोज लिहू लागली. नातवाच्या न्हाणीपासून शेजारच्या कराचीवालीने पुरणपोळीत घातलेल्या केशरापर्यंत सगळं. पाच महिन्यांत एकशे त्रेचाळीस पत्रं. अधूनमधून एखादं ती सरोजताईंनाही वाचून दाखवायची, फोनवर, आणि सरोजताई खरंच थक्क व्हायच्या. आपली कुसुम एवढं पाहते? आपली कुसुम एवढं हसवते?

आणि आजच ती येत होती. काल मस्कतहून दिल्ली, आज शताब्दीने दुपारी दोनला भोपाळ. शेवटच्या पत्रात तिने नवऱ्याला कळवलं होतं, की सगळी पत्रं छापून एक बांधीव वही करायची, नातवाला मोठेपणी द्यायला. 'मी आयुष्यात हे एवढंच केलंय, जपून ठेवा.' काशिनाथरावांनी गोविंदपुऱ्यातला बाइंडर सांगून ठेवला, कोऱ्या कागदांचं रीम आणलं, आज सकाळी आंघोळ करून छापायला बसले, आणि कॉम्प्युटरमधल्या पत्रांच्या कपाटात शेवटची पाच सोडून काही नाही.

"अलकाकडे असतील की," सरोजताई म्हणाल्या.

"जावईबापूंनी नवा कॉम्प्युटर घेतला. जुना पुसून कुणाला तरी देऊन टाकला, चारच दिवसांपूर्वी."

म्हणजे जगात त्या पत्रांची एकच प्रत होती, आणि ती काशिनाथरावांच्या घरी होती. होती!

"हात लावू नका कशाला. आले मी."

पीठ मनोहररावांच्या स्वाधीन करून सरोजताईंनी स्कूटी काढली. टाऊनशिपच्या सरळसोट रस्त्यावरून त्या अशा सुटल्या की कोपऱ्यावरचा पोहेवाला ओरडला, "दीदी, आराम से!" आराम त्यांच्या पत्रिकेतच नव्हता. त्यातून मनात एक किडा वळवळायला लागला होता. पाच दिवसांपूर्वी काशिनाथरावांचा फोन आला होता खरा. काय म्हणत होते ते? आणि आपण काय सांगितलं?

काशिनाथराव दारातच उभे होते. कॉम्प्युटरची खोली म्हणजे त्यांच्या जुन्या ऑफिसचं बाळच होतं. टेबलावर टाचणीसुद्धा जागेवर. सरोजताईंनी मेलचा प्रोग्राम उघडला. इनबॉक्समध्ये एकच पत्र पडलेलं होतं, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुठे ठेवली होती पत्रं? वेगळं फोल्डर केलं होतं का?"

"नाही. निकाली निघाली की मी ती यात टाकायचो." त्यांनी बोट ठेवलं.

बोट होतं 'डिलीटेड आयटम्स'वर. कचऱ्याच्या डब्यावर!

"भाऊजी! अहो, ही फेकायची जागा!"

"फेकायची कशी?" काशिनाथराव खरोखर गोंधळले. "पत्र आलं, वाचलं, नोंद केली, पोच दिली, की ते टेबलावर राहता कामा नये. पाचचा भोंगा व्हायच्या आत टेबल साफ. चौतीस वर्षं मी असंच केलंय. ते बटण दाबलं की पत्र टेबलावरून उठून इथे जातं. म्हणजे ही रेकॉर्ड रूम. आणि रेकॉर्ड रूममधला कागद असा कुणी नष्ट करतं का? त्याला समिती लागते, तीन सह्या लागतात."

"मग या वेळी कुणी सह्या केल्या?" सरोजताई तडकल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला रिकामं करायला?"

काशिनाथराव पडले सभ्य माणूस. नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले.

आणि सरोजताईंना आठवलं. चकल्या तळत होत्या त्या दिवशी, खांद्याने कानाशी रिसीव्हर दाबून. काशिनाथराव म्हणाले, मेल फार हळू चालते. त्या म्हणाल्या, दिवाळीची सफाई करा, डिलीटेडमधलं सगळं रिकामं करून टाका. ते म्हणाले, "सरोजताई, हे विचारतंय, कायमचं काढायचं, खात्री आहे का?" त्या म्हणाल्या, "हो म्हणा." ते म्हणाले, "नक्की ना?" आणि त्या खेकसल्या, "भाऊजी, माझी चकली करपतेय, हो म्हणा! आणि बंद करताना कॉम्पॅक्ट करू का विचारलं तर त्यालाही हो म्हणा!"

तीन सह्या नव्हत्या. एकच होती, आणि ती सरोज बोकारेंची होती.

हजारो लोकांना त्यांनी एकमेकांशी जोडून दिलं होतं, आणि जिवाभावाच्या मैत्रिणीचं पाच महिन्यांचं बोलणं चकलीच्या घाण्यासाठी तोडून टाकलं होतं. रडू आलं त्यांना. ते त्यांनी गिळलं, कारण घड्याळात साडेदहा वाजले होते आणि रडायला दुपारनंतर भरपूर वेळ मिळणार होता.

"ऐका," त्या म्हणाल्या, काशिनाथरावांना कमी आणि स्वतःला जास्त. "रिकामं केलं तरी पत्रं लगेच जात नाहीत. नावं पुसली जातात, कागद तिथेच पडून असतात. कॉम्पॅक्ट केलं की मात्र रिकामी जागा दाबून टाकतात, कागदांसकट. तुम्ही कॉम्पॅक्टला हो म्हणालात?"

"तुम्ही सांगितलं होतं ना."

त्यांनी फाईल शोधली. पूर्वी जिच्यात पाच महिने मावले होते, ती आता एवढीशी. शेवटची पाच पत्रं, रिकामं केल्यानंतर आलेली, तेवढी आत. बाकी सपाट. पण सरोजताईंचं डोकं आता एक्स्चेंजच्या दिवसांसारखं धावायला लागलं होतं. हा प्रोग्राम दाबादाबी करण्याआधी जुन्या फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवतो. कुठे ठेवतो? रीसायकल बिनमध्ये. पडद्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या टोपलीत!

"भाऊजी." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही टोपली. ही रोज रिकामी करता का तुम्ही?"

"रोज. पाच वाजता."

संपलं, सरोजताईंना वाटलं. असल्या टापटीप माणसाच्या हाती कुणी कॉम्प्युटर देऊ नये.

"पण त्या दिवशी नाही केली," काशिनाथराव म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशीही करायला गेलो. तर पुन्हा तेच विचारलं, खात्री आहे का? पत्रांच्या कपाटाबद्दल तुम्ही हो म्हणाला होतात. या टोपलीत त्या दिवशी एक मोठी फाईल दिसली, मी न ठेवलेली. माझी नाही ती मी कशी नष्ट करू? तुम्हाला फोन लावला. तीनदा लावला. एंगेज. म्हणून नाही म्हटलं आणि तेव्हापासून टोपलीला हात लावला नाही. तुमची मंजुरी यायची होती."

सरोजताईंनी टोपली उघडली. आणि होती! शेपटीला वेगळंच नाव लागलेली ती फाईल, अडतीस एमबीची, पाच दिवस मंजुरीची वाट पाहत बसलेली. नुसती अक्षरं एवढी भरत नाहीत, यात बाळाचे फोटोही आहेत, म्हणजे सगळं आहे! सरोजताई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी "क्या हुआ?" विचारलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या संथपणाची त्यांनी टिंगल केली होती, त्याचे पाय धरावेसे वाटले त्यांना.

"भाऊजी, तुमच्यासारखा माणूस नाही या भोपाळात!"

"पत्रं मिळाली?"

"मिळतील. अजून घडी घातलेली आहेत."

पर्समधून त्यांनी आपली सीडी काढली. तिच्यात एक लहानसा प्रोग्राम होता, जो असल्या फाईलमधून एकेक पत्र वेचून बाहेर काढतो. फाईलची आधी एक प्रत केली. अस्सलला हात लावायचा नाही, एवढी अक्कल आज आली होती. मग प्रोग्राम लावला. पडद्यावर आकडा उमटला. एक.

दोन. तीन. सात.

"चालू झालं!" सरोजताईंनी टाळी वाजवली. काशिनाथराव आत जाऊन एक जाड वही घेऊन आले. आवक नोंदवही! क्रमांक, तारीख, विषय, कार्यवाही. वळणदार अक्षरात कुसुमचं प्रत्येक पत्र नोंदवलेलं. 'बाळाचे पहिले हसू.' 'समुद्राचा रंग.' 'अलकाशी भांडण व समेट.' आणि कार्यवाहीच्या रकान्यात प्रत्येकापुढे 'पोच दिली.'

"पोच म्हणजे काय लिहायचात हो?"

"पत्र क्रमांक अमुक मिळाले."

"आणि?"

"आणि तारीख."

सरोजताईंनी कपाळाला हात लावला. पण आकडा धावत होता. चाळीस. एकोणसाठ. तारखा वाचायच्या सरोजताई, टिकमार्क करायचे काशिनाथराव, आणि मधेच दोघं थांबून एखादं पत्र उघडून बघायचे, आत अक्षरं आहेत की नुसता सांगाडा. अक्षरं होती! कराचीवाली होती, केशर होतं, बाळाचा हुंकार कुसुमने जसा ऐकू आला तसा लिहिला होता. सरोजताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. एकशे दहा. एकशे तीस. एकशे सदतीस.

आकडा थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. "एकशे अडतीस पाहिजे," सरोजताई पडद्यावर टिचकी मारत म्हणाल्या. "एक राहिलं. कुठलं राहिलं?"

काशिनाथरावांनी वही मिटली. "असू द्या. एखादं राहतं."

"असू द्या काय? दाखवा इकडे!" वही त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतली. टिकमार्क पंच्याऐंशीला होता, सत्त्याऐंशीला होता. मधे कोरं. पत्र क्रमांक शहाऐंशी, सात सप्टेंबर. विषयाचा रकाना रिकामा. कार्यवाहीच्या रकान्यात 'पोच दिली' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'उत्तर देणे बाकी.'

शहाऐंशी! सरोजताईंना सप्टेंबरातला कुसुमचा फोन आठवला. "सरोज, यांची पंच्याऐंशीची पोच आली, सत्त्याऐंशीची आली, मधलीच नाही गं. हरवलं का काय माझं पत्र? बघशील?" आणि आपण नेहमीच्या झपाट्यात काय म्हणालो होतो? "सर्व्हरचा घोळ. होतं असं. सोडून दे." कुसुम म्हणाली होती, "बरं. हरवलं असेल तर बरंच झालं."

सरोजताईंनी माऊसचा बाण इनबॉक्सवर नेऊन ठेवला. ते एकटं पडलेलं पत्र. सात सप्टेंबर.

"हे निकाली निघालं नाही," काशिनाथराव खाली बघत म्हणाले. "म्हणून टेबलावर आहे. बघा तुम्ही. तुमच्यापासून आता काय लपवायचं?"

चार ओळी होत्या. 'आज अलका विचारत होती, आई, बाबांना तुझी आठवण येत असेल का गं? मी म्हटलं, विचारून सांगते. तरी कळवावे. हो किंवा नाही, एवढं लिहिलं तरी चालेल.'

"भाऊजी, दोन अक्षरांचं उत्तर. अठ्ठावन्न दिवस?"

"मसुदे केले. सहा केले."

"मग?"

"नामंजूर झाले."

"कुणी केले नामंजूर?"

"मीच. 'हो' एवढंच लिहिलं तर फार कमी वाटलं. जास्त लिहायला गेलो तर लाज वाटली. आणि उत्तर दिल्याशिवाय नुसती पोच कशी देऊ? पोच दिली की पत्र मिळालं हे कबूल होतं." मग म्हणाले, "रोज सकाळी उघडून वाचतो मात्र."

एरवी सरोजताईंनी त्यांना तिथल्या तिथे झापलं असतं, कीबोर्ड पुढे ओढून स्वतःच 'हो' टाइप केलं असतं आणि पाठवूनही दिलं असतं. जीभ तर अगदी वळली होती. पण सकाळपासून त्यांच्या घाईने जेवढं बिघडवलं होतं आणि या माणसाच्या विलंबाने जेवढं वाचवलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पत्रांच्या दोन सीड्या करेपर्यंत साडेबारा वाजले. रिक्षा सव्वा वाजता निघायला हवी होती.

"मी स्वयंपाकघरात चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तुमचं होईल तेव्हा हाक मारा."

चहा झाला. थंडही झाला. सरोज बोकारे आयुष्यात पहिल्यांदा पाऊण तास स्टुलावर गप्प बसून राहिल्या. आतून कागद चुरगाळल्याचा आवाज दोनदा आला, तरी त्या उठल्या नाहीत.

शताब्दी दहा मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात सरोजताईंनी आपला कबुलीजबाब चारदा पाठ केला. पण कुसुम डब्यातून उतरली, उन्हाने जरा रापलेली, हातात बाळाच्या फोटोंची पिशवी घट्ट धरलेली, आणि सरोजताईंच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. चकल्या, कचरा, टोपली, एकशे सदतीस. "मी घालवली होती गं तुझी पत्रं, आणि यांनी वाचवली. घे, शिव्या दे!"

कुसुमने सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे आहेत ना सगळी?"

"आहेत."

"मग कशाला शिव्या?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि ते एक हरवलंच ना? शहाऐंशीवं?"

हमाल, ट्रॉल्या, 'चाय, चाय'चा गलका. काशिनाथराव त्यात ताठ उभे होते, मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसे.

"हरवलं नव्हतं," ते म्हणाले. "टेबलावर होतं."

कुसुमचा चेहरा एकदम लाल झाला. "मग..." एवढंच ती म्हणाली.

काशिनाथरावांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून तिच्यापुढे धरला. वर संदर्भ, आपले पत्र क्रमांक शहाऐंशी. खाली त्यांची सही आणि आजची तारीख. मधे एवढंच, 'हो. सकाळी उठल्यावर, जेवताना, आणि पाचचा भोंगा झाल्यावर फार. विलंबाबद्दल क्षमा असावी.'

कुसुमने ते वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले तसा पदर लावला, कागदाची पूर्वीसारखीच चौघडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. सरोजताईंना कुसुमला मिठी मारावीशी वाटत होती, पण त्या थांबल्या.

मग कुसुमने सामानाची लहान पिशवी नवऱ्याच्या हाती दिली आणि म्हणाली, "पत्र मिळालं."